झुडपामागचे व्याही

निवृत्त पोस्टमास्तर रोज संध्याकाळी बागेत फिरायला जात आणि एका कोपऱ्यात निवांत सिगारेट ओढून येत. घरात कुणाला पत्ता नव्हता. मुलीचं लग्न ठरताना, "आमच्याकडे सुपारीच्या खांडाचंही व्यसन नाही," असं त्यांनी व्याह्यांना छातीठोकपणे सांगितलं होतं. व्याह्यांनीही तेच सांगितलं होतं.

एके दिवशी फाटकावर पाटी लागली : 'ही बाग धूरमुक्त आहे.' शिवाय शिट्टी घेतलेली एक रखवालदार बाई. पोस्टमास्तर गुपचूप झुडपामागे शिरले, तर तिथे धुराच्या ढगात व्याही उकिडवे बसलेले!

"तुम्ही?"

"चप्पल शोधतोय," व्याही म्हणाले. चपला दोन्ही पायांत होत्या.

पोस्टमास्तरांच्या ओठांतली सिगारेट पाहून त्यांना धीर आला. "काडी हवीय का?"

काडी पेटली आणि शिट्टी वाजली. दोघांनी घाईघाईने सिगारेटी चिखलात विझवल्या. बाई समोर उभी.

"अहो बाई, धूर कुठून येतोय तेच बघायला आलो होतो," पोस्टमास्तर म्हणाले.

व्याह्यांनी तत्परतेने थोटकं उचलली. "हा बघा पुरावा! पळाला मेला."

बाई भारावली. "काका, तुमच्यासारखीच माणसं हवीत बागेला!"

दुसऱ्याच दिवशी दोघांच्या अंगात हिरवी जाकिटं, गळ्यात शिट्ट्या आणि फाटकावर दोघांचा हसरा फोटो. मुलीने तो सगळ्या नातेवाइकांना पाठवला. "बाबा, सासरी माझी मान ताठ झाली!"

आता पानवालाही सिगारेट देईना. "फोटो बघितला, काका. तुम्हाला विकून पाप कुठे फेडू?"

मग दोघं लिमलेटच्या गोळ्या चघळत गस्त घालू लागले. कुणी झुरका घेताना दिसला, की त्याच्यावर तुटून पडत. त्यात तत्त्व थोडं आणि मत्सर जास्त होता. पण महिन्याभरात बाग खरोखरच धूरमुक्त झाली आणि यांची सवयही कधी सुटली ते कळलं नाही. जाकिटं परत गेली.

पोस्टमास्तर आता संध्याकाळी घरीच बसू लागले. भाजी कशी चिरावी, कणीक किती सैल असावी, यावर बायकोला सल्ले देऊ लागले. चौथ्या दिवशी तिने हात जोडले. "अहो, जरा फिरून या ना. उशीर झाला तरी चालेल."

बागेत व्याही आधीच बसले होते.

"तुम्हालाही हाकललं?"

"कालच."

पोस्टमास्तर त्यांच्या शेजारी टेकले.

"काय हो, आता इथे बसून करायचं तरी काय?" पोस्टमास्तरांनी विचारलं.

व्याह्यांनी विचार केला. "श्वास घ्यायचा," ते खिन्नपणे म्हणाले.