दादाच्या गाडीचा अखंड पंख

वेगाने धावणारी कोणतीही वस्तू जमिनीवरून उचलली जाण्याचा धोका असतो, आणि जबाबदार माणसाने त्या धोक्याचा बंदोबस्त वेळीच केला पाहिजे. आमच्या दादाची गाडी रोजच्या गर्दीत सायकलींच्या मागून जाते, हा निव्वळ तपशील झाला. तत्त्व तत्त्वाच्या जागी असतं. गाडीच्या मागे पंख असला (जाणकार त्याला स्पॉयलर म्हणतात) की हवा तिला वरून दाबते आणि गाडी रस्ता सोडत नाही. पंख मोठा करून घेतल्यापासून दादाची गाडी एकदाही उडालेली नाही. यावरून काय ते समजावं.

मुळात कंपनीने एक पंख दिलेला होताच. पण तो डिकीच्या काठावर भुवईएवढा, आणि दादाला न विचारता ठरवलेला. अशा पंखाने गाडी चारचौघींसारखी दिसते, असं दादाचं मत पडलं. दादा विमा कार्यालयात आवक-जावक विभागात आहे. चारचौघांसारखं दिसण्याचं काम तो तिथे दहा ते सहा इमानेइतबारे करतोच. घरीही तेच करायचं म्हणजे अति झालं.

गाडी मुळात का घेतली, तेही नोंदवून ठेवायला हवं. खुब्याचं हाड मोडल्यापासून आई घरात वॉकर धरून कशीबशी फिरते, बाहेर मात्र तिला चाकांची खुर्ची लागते. ही खुर्ची घडी होऊन डिकीत बसते आणि तिथेच राहते. दर गुरुवारी दादा अर्धी रजा टाकून आईला मावशीकडे पोचवायचा. मावशी शहराच्या दुसऱ्या टोकाला राहायची. आईची थोरली बहीण, डोळ्यांनी अधू. दोघी पत्ते खेळत आणि दोघीही लबाडी करत. मावशीला स्वतःचीच पानं धड दिसत नसल्यामुळे तिची लबाडी वरच्या दर्जाची मानली जाई. आता झालं असं, की मावशीची मुलगी तिला महिनाअखेर आपल्या गावी कायमची नेणार होती. चार तासांचा प्रवास. हातात तीन गुरुवार होते. त्याच आठवड्यात दादाने पंखाचं काम काढलं. चांगल्या कामाला उशीर करू नये, असं आईनेच आम्हाला लहानपणी शिकवलेलं आहे.

काम ज्याला दिलं त्याला सगळे 'कलाकार' म्हणतात. मिस्त्री म्हटलं तर तो ऐकू न आल्यासारखं करतो. पूर्वी तो फायबरच्या पाण्याच्या टाक्या करायचा, नंतर बागेतल्या घसरगुंड्यांचे हत्ती करू लागला. पुढे त्याने हत्ती सोडले. हत्तींनी त्याला सोडलेलं नाही, हे पंखाचं चित्र पाहताच वहिनीच्या लक्षात आलं.

"हे कान आहेत का?" तिने विचारलं.

"हा फ्लो आहे," कलाकार म्हणाला.

फ्लो आहे म्हटल्यावर पुढे काय बोलणार?

या कामाची एक रीत असते. फोम कापून आकार काढायचा, त्यावर काचेच्या धाग्यांची चादर पसरायची, ती रेझिनने भिजवायची, वाळली की दुसरा थर, मग पुट्टी, मग घासणं, मग पुन्हा पुट्टी. (रेझिनच्या वासाने शेजारचा शिंपी दुकान बंद करून बहिणीकडे राहायला गेला. त्याची बहीण जवळच राहते.) सामान्य कारागीर सुरुवातीलाच पत्र्यावर टेप आणि मेण लावून घेतात, म्हणजे तयार पंख अलगद सुटून येतो आणि मग तो स्क्रूने बसवता येतो. पण कलाकाराला त्या दिवशी स्फूर्ती झाली होती, आणि स्फूर्तीला मेण लागत नाही. त्याने थर थेट पत्र्यावर चढवले. डिकीच्या झाकणावरून ते दोन्ही बाजूंच्या पत्र्यावर उतरवले, जिथे फट दिसली तिथे पुट्टी भरली, आणि सगळं घासून एकजीव केलं. पंख कुठे संपतो आणि गाडी कुठे सुरू होते, ते हात फिरवूनही कळेना. दादाच्या डोळ्यांत पाणी आलं. त्यात रेझिनचाही थोडा वाटा असावा.

गुरुवारी आई केस विंचरून, पत्त्यांचा जोड पिशवीत टाकून दारातल्या स्टुलावर बसली. दादाने सीटजवळचा खटका ओढला. आतून 'टक' असा आज्ञाधारक आवाज आला, पण झाकण उघडलं नाही. खरं म्हणजे झाकण अशी काही वस्तू आता गाडीला नव्हतीच.

दादाने तिथूनच कलाकाराला फोन लावला. "अहो, डिकी उघडत नाहीये."

"उघडणारी पाहिजे होती का?" कलाकाराला खरंच नवल वाटलं. "आधी सांगायचं ना साहेब. उघडणारीचं डिझाइन वेगळं असतं."

"आत खुर्ची आहे आईची."

"ग्राइंडर मारला तर दहा मिनिटांत मोकळी करतो. पण मग पंखाला चीर जाणार. असा पंख पुन्हा उतरेल, याची गॅरंटी मी देणार नाही."

सदर प्रश्नावर घरात रीतसर बैठक झाली. सर्व पर्यायांचा साधकबाधक विचार करण्यात आला. मागची सीट काढून खुर्ची ओढावी, तर मध्ये पत्रा. तो कापला तर गाडीची किंमत उतरते. वहिनी म्हणाली, भाड्याने खुर्ची आणू. "घरात स्वतःची खुर्ची असताना भाड्याची?" दादा दुखावला. टॅक्सीचं नाव निघालं, पण दारात अशी गाडी उभी असताना टॅक्सीत बसलं तर लोक हसतील, आणि लोक तर आत्ता कुठे थांबून बघायला लागले होते. आईला दोघांनी उचलून न्यावं, तर दादाची कंबर आणि माझी कंबर. माझ्याकडेही एक गाडी आहे, तिची डिकी उघडते. पण थोरल्याची गाडी दारात असताना धाकट्याने पुढे पुढे करणं शोभत नाही. (हा मुद्दा मी मांडला आणि तो एकमताने मान्य झाला.) शिवाय महिन्याच्या शेवटच्या रविवारी सजवलेल्या गाड्यांचं प्रदर्शन होतं, त्यात दादाने नाव दिलं होतं. तोवर ग्राइंडर लावायचा नाही, असं ठरलं. मावशी आदल्या दिवशी, शनिवारी निघणार होती. एका दिवसाने हुकलं. प्रदर्शनाची तारीख काही आमच्या हातात नव्हती.

"मग मला त्या पंखावरच बसव," आई म्हणाली. "एवढी मोठी फळी केलीयेस. वारा तरी लागेल."

"रंग ओला आहे अजून," दादा गंभीरपणे म्हणाला.

दुसरा गुरुवार रंगाच्या दुसऱ्या हातात गेला आणि तिसरा पॉलिशमध्ये. मध्यंतरी दोघी बहिणींनी फोनवर पत्ते खेळून पाहिले. पहिल्याच डावात दोघींकडे चारचार एक्के निघाले. दोघी पोट धरून हसल्या. "तू इथे ये, मग बघते तुला," मावशी शेवटी म्हणाली. "येते," आई म्हणाली.

शनिवारी मावशी गेली. हमरस्ता आमच्या घराच्या उलट दिशेला पडतो, त्यामुळे वाटेत थांबणं तिच्या मुलीला सोयीचं नव्हतं. आई मात्र सकाळपासून तयार होऊन स्टुलावर बसली होती. मला वाईट वाटलं. दादालाही वाटलं असणार, कारण त्याने त्या दिवशी पंख पुसला नाही.

रविवारी गाडीला उत्तेजनार्थ बक्षीस मिळालं. परीक्षकांनी पंखाच्या अखंडपणाचा खास उल्लेख केला. सोमवारी ठरल्याप्रमाणे ग्राइंडरचा विषय निघाला, तेव्हा एक नवीनच बाब पुढे आली. खुर्ची काढायची ती मावशीकडे जाण्यासाठी. मावशी तर गेली. म्हणजे खुर्ची काढण्याचं कारणच उरलं नाही. पंख वाचला.

हे वाचून तुम्हाला दादाचा राग आला असेल. यायलाच हवा. आमच्या गल्लीतही ज्याला त्याला आला. एकेक जण घरी येऊन आईपाशी बसला, आजकालच्या मुलांविषयी बोलला, हळहळला, चहा घेऊन गेला. या सगळ्यांकडे गाड्या आहेत, आणि त्यांच्या डिक्या व्यवस्थित उघडतात. आई प्रत्येकाचं शेवटपर्यंत ऐकून घेते, मग मावशीच्या नव्या घराचा पत्ता सांगते आणि एकच प्रश्न विचारते. बहुतेकांना तेव्हाच काहीतरी काम आठवतं. तुम्हीही आता इथवर वाचलंच आहे, म्हणून तिने तो तुम्हालाही विचारायला सांगितलाय: येत्या गुरुवारी मोकळे आहात का?