दोन नंबरच्या खोलीतल्या बाई

पन्नाशी उलटलेल्या माणसाला वर्गाची कसली भीती, अशा तोऱ्यात मी मिशनच्या विद्यापीठात एक्स-रे तंत्रज्ञाच्या अभ्यासक्रमाला नाव घातलं. बायकोच्या आजारपणात एक्स-रे खोलीचा जाड दरवाजा दर वेळी माझ्या तोंडावर बंद व्हायचा. ती गेल्यावर वाटलं, आत काय चालतं ते शिकूनच घ्यावं. लेक म्हणाली, "बाबा, तुम्हाला घरातला टीव्ही लावता येत नाही." ते खरं होतं.

रोज सकाळी साऱ्या विद्यापीठाची एकत्र प्रार्थना असे. ज्याची पाळी, त्याने एका रुग्णासाठी काही मागायचं. माझी पाळी आली आणि ओठांवर बायकोच आली. पण ती आता रुग्ण नव्हती, आणि एवढ्या पोरांपुढे मला रडायचं नव्हतं. घाईत म्हणालो, "एक्स-रे विभागात दोन नंबरच्या खोलीतल्या बाईंसाठी. खूप दिवस पडून आहेत. बोलत नाहीत. भेटायला कोणी येत नाही."

यात एक अक्षर खोटं नव्हतं. फक्त त्या बाई म्हणजे आमचा सरावाचा पुतळा होता. प्लास्टिकची कातडी, आत हाडं. माझ्या वर्गातल्या पोरांनी माना खाली घातल्या. बाकी सगळ्यांनी मनापासून डोळे मिटले.

दुसऱ्या दिवशी नर्सिंगच्या मुली विचारू लागल्या, बाई कशा आहेत? तशाच आहेत, म्हणालो. मग भोजनगृहातल्या बाई रोज वाडगाभर सूप पाठवू लागल्या. ते मीच पीत होतो. काय करणार? वसतिगृहाने तर शाल विणायला घेतली. प्रार्थनेत नुसता हसला म्हणून आमच्या विभागप्रमुख सिस्टरने एकाला कायमचं घरी पाठवलं होतं. आता माझी झोप उडाली.

शेवटी शाल घेऊन स्वतः फादर निघाले. मागे सिस्टर, त्यांच्यामागे मी. फादरनी दार वाजवलं, आत गेले, स्टूल ओढून बसले आणि हळुवारपणे बाईंचा हात हातात घेतला. तो कोपरापासून निघाला.

"ही चेष्टा आहे का?" सिस्टरने विचारलं.

मी सांगून टाकलं. बायकोचं नाव घ्यायचं होतं. गेलेलं माणूस रुग्णात बसत नाही, म्हणून अडलो.

फादरनी तो हात मांडीवर घेतला. "गेलेल्यांसाठीही मागता येतं," ते म्हणाले. "उद्या तिचं नाव घ्या."

सिस्टर म्हणाली, "आधी हात बसवा." बसवला. उलटा बसला. "अंगठा कुठे येतो तेही ठाऊक नाही. उद्यापासून रोज अर्धा तास लवकर यायचं."

म्हणजे माझी जागा राहिली होती.

सकाळी मी बायकोचं नाव घेतलं. ती गेली, एवढंच बोलता आलं. सगळे उभे राहिले. बाहेर पडतो तोच भोजनगृहातल्या बाईंनी मला गाठलं. डोळे पुसलेले, पण आवाज चढलेला. "अहो भाऊ, त्या दोन नंबरच्या बाई म्हणजे तुमची बायको? ती बिचारी तिथे शेवटच्या घटका मोजत होती, आणि तुम्ही इथे वह्या घेऊन बसत होतात?"

शेवटपर्यंत तिच्यापाशीच होतो, एवढंच म्हणालो.