बेनाडेंच्या गेटवर आलेला पहिला मृत्यू

कामावर येणाऱ्या प्रत्येक मृत्यूने पंधरा दिवस आधी कारखान्याच्या गेटवर हजर होऊन आपली नोंद करावी, हा नियम जिल्ह्यात लागू होऊन सहा वर्षं झाली होती, आणि या सहा वर्षांत सुरक्षा अधिकारी भूपाल बेनाडेंच्या फाउंड्रीत एकही मृत्यू आला नव्हता.

नियम सोपा होता. मृत्यूने गेटवर अर्ज भरायचा. कोणाचा, कुठे, कशामुळे आणि कोणत्या तारखेपर्यंत, असे चार रकाने. मग कार्यालयाबाहेरच्या बाकावर रोज पूर्ण पाळी बसायचं. दरम्यान सुरक्षा अधिकाऱ्याने अर्जातलं कारण दूर केलं, तर मृत्यूला 'काम उरले नाही' असा दाखला मिळे आणि तो घेऊन तो निमूट निघून जाई. मृत्यू बहुतेक शिस्तीचे असत. डबा घरून आणत.

बेनाडेंकडे मृत्यू येत नसत, कारण यायला कारणच सापडत नसे. रोज सकाळी सातला ते भट्टीपासून सुरुवात करत. क्रेनचा तारेचा दोर बघत, साखळ्या हाताळत, यंत्रांच्या पट्ट्यांवरच्या जाळ्या हलवून पाहत, कोणाचा बूट फाटलाय का ते वाकून बघत. काही सापडलं की लगेच चिठ्ठी लिहून ते संध्याकाळच्या आत दुरुस्त करून घेत. त्यांची मृत्यूंची नोंदवही कोरी होती. तिच्या पुठ्ठ्यावर त्यांनी स्वतः घातलेलं खाकी कव्हरसुद्धा नवंच्या नवं राहिलं होतं.

रस्त्यापलीकडच्या कारखान्यात निवास कोगनोळे सुरक्षा अधिकारी होता. तो आणि बेनाडे आयटीआयला एका बाकावर होते, आणि कोगनोळेची ड्रॉइंगची वही बेनाडेच पुरी करून देत असत. त्याच्याकडे सहा वर्षांत एकोणीस मृत्यू आले. सतरा त्याने परत पाठवले. दरवर्षी सुरक्षा सप्ताहात जिल्ह्याचे साहेब त्याला व्यासपीठावर बोलावत, शाल घालत, आणि सतरा घरांतली माणसं खाली बसून टाळ्या वाजवत. एका म्हाताऱ्या बाईने तर मागच्या वर्षी वर चढून त्याची दृष्ट काढली.

बेनाडेंना यंदा त्याच कार्यक्रमात साहेबांनी विचारलं, "तुमचे किती?"

"शून्य."

"म्हणजे एकही परत पाठवता आला नाही?"

"एकही आला नाही साहेब."

साहेबांनी थोडा विचार केला आणि बेनाडेंच्या नावापुढे 'निरंक' लिहिलं.

त्या दिवशी घरी आल्यावर बेनाडेंनी बायकोला, विमलला, सगळं सांगितलं. ती म्हणाली, "अहो, आपल्याकडं कुणी मेलं नाही, हे बरंच की."

"बरं आहे," ते म्हणाले. "पण कुणाला दिसत नाही ते."

पुढच्या आठवड्यात ते काहीतरी निमित्त काढून कोगनोळेकडे गेले. बाकावर दोन मृत्यू बसले होते. कोगनोळे त्यांच्याशी गप्पा मारत उभा होता, कामगार जाता-येता त्याला हात करत होते. एक मृत्यू सरकून म्हणाला, "बसा ना. तुम्ही समोरचे बेनाडे. आमच्यात तुमचं नाव आहे. तिकडे जाण्यात अर्थ नाही म्हणतात." तो चांगल्या भावनेने बोलला होता. बेनाडेंना मात्र त्या रात्री जेवण गेलं नाही.

त्यानंतरच्या सोमवारी, सकाळी सात वाजून दहा मिनिटांनी, त्यांना क्रेनच्या दोराचे तीन पदर तुटलेले दिसले. वितळलेल्या लोखंडाची लाडल, म्हणजे मोठी बादली, याच दोरावर भट्टीपासून साच्यांपर्यंत जात असे. बेनाडेंनी खिशातून चिठ्ठ्यांचं पुस्तक काढलं. पेन उघडलं. मग वर एकदा बघितलं, पेन बंद केलं आणि पुढच्या साखळीकडे गेले.

मंगळवारी सकाळी वॉचमन तानूने आत फोन केला. "साहेब, एक मृत्यू आलाय. आपल्याकडंच आलाय, मी दोनदा इचारलं."

बेनाडे जवळजवळ पळतच गेटवर गेले. मृत्यू चाळिशीचा, इस्त्रीच्या शर्टातला, बारीक अंगाचा होता. त्याने अर्ज नीट अक्षरात भरला होता. नाव: इलाही मुजावर, क्रेन चालक. ठिकाण: ओतकाम विभाग. कारण: तारेचा दोर. मुदत: पुढच्या महिन्याच्या तीन तारखेपर्यंत.

इलाहीचं नाव वाचून बेनाडे क्षणभर थांबले. अकरा वर्षं ते दोघं एकाच वेळी गेटमधून आत येत होते. पण लगेच त्यांच्या मनात आलं की दोर बदलणं हे एका दुपारचं काम आहे, आणि माणूस तर वाचणारच आहे. त्यांनी मृत्यूला चहा सांगितला आणि नोंदवहीत पहिली ओळ लिहिली.

नियमाप्रमाणे अर्जावर त्या माणसाचीही सही लागे. इलाही हातमोजे काढून आला, अर्ज दोनदा वाचला आणि सही केली.

"घरी सांगू का नको, साहेब?"

"कशाला उगाच."

"तुम्ही हायसा म्हणून नाही सांगत," इलाही म्हणाला, आणि कामावर गेला.

बेनाडेंनी त्याच दिवशी जिल्हा कार्यालयाला पत्र पाठवलं: 'आमच्याकडे आलेल्या मृत्यूस परत पाठवण्याचा कार्यक्रम आपल्या उपस्थितीत व्हावा.' उत्तर आलं की साहेबांना दोन तारखेला वेळ आहे. एक दिवस शिल्लक राहत होता. बेनाडेंनी नवा दोर मागवून कार्यालयात टेबलाखाली ठेवला, फोटोवाल्याला सांगितलं आणि बाकाला रंग दिला.

पाचव्या दिवशी त्यांनी कोगनोळेला मुद्दाम बोलावलं. तो बाकासमोर उभा राहिला, अर्ज वाचला, मग बेनाडेंना बाजूला घेतलं.

"भूपाल, दोर आला का?"

"आलाय."

"मग आजच चढव. माझे दोघं परत पाठवायचे राहिले ना, ते असेच राहिले. एकदा साहेबांची तारीख मिळत नव्हती. एकदा मंडप यायचा होता."

बेनाडेंनी त्याच्याकडे नीट बघितलं. सहा वर्षांत पहिल्यांदा कोगनोळेचा चेहरा उतरलेला दिसत होता आणि बेनाडेंना तो जळतोय असंच वाटलं. "बघतो," ते म्हणाले, आणि त्याला गेटपर्यंत सोडून आले. येताना ते हलक्या पावलांनी आले.

इलाही आता दुपारचा डबा बाकावर मृत्यूशेजारी बसून खात असे. मृत्यू त्याला भाकरीचं विचारी, मुलींच्या शाळेचं विचारी. इलाही त्याला क्रेनची बटणं कशी दाबतात ते हवेत बोट फिरवून दाखवी. बेनाडे काचेतून बघत. अकरा वर्षांत इलाहीने त्यांना मुलींची नावं सांगितली नव्हती. मग त्यांच्या लक्षात आलं की आपणही कधी विचारली नव्हती, पण तेवढ्याने बरं वाटलं नाही.

सातव्या दिवशी ते बाहेर येऊन मृत्यूला म्हणाले, "तुम्हाला तीन तारखेपर्यंत थांबावं लागतंय, कंटाळा येत असेल."

"तीन तारखेपर्यंत कशाला?" मृत्यू म्हणाला. "ती शेवटची मुदत आहे, पंधरा दिवस तिच्यापासून मोजतात. दोर आधी तुटला तर मला आधी उठावं लागेल. आज सकाळपासून मी चपला काढून बसलेलो नाही."

बेनाडेंनी त्याच्या पायांकडे बघितलं. चपला पायात होत्या.

ते ओतकाम विभागात पोचले तेव्हा लाडल भरून निघाली होती. तिच्यामागे चार हातांवर इलाही बटणांची पेटी धरून चालत होता. बेनाडेंना ओरडायचं होतं, पण भट्टीच्या आवाजात काही ऐकू गेलं नसतं, म्हणून ते सरळ इलाहीपर्यंत धावत गेले, त्याच्या हातातली पेटी घेतली आणि उतरवायचं बटण दाबून धरलं. लाडल हळूहळू खाली आली. वर काहीतरी कडकन वाजलं. लाडल जमिनीला टेकली, डोलली आणि स्थिर झाली. मागे वळून बघितलं तर मृत्यू दारात उभा होता. तो थोडा वेळ तसाच थांबला आणि बाकाकडे परत गेला.

संध्याकाळी नवा दोर चढवला. जुन्याचे नऊ पदर गेले होते.

दाखल्यावर एक रकाना असतो: 'कारण कसे उद्भवले?' कोगनोळेच्या सतरा दाखल्यांवर तिथे 'झीज' लिहिलेलं होतं. बेनाडेंनीही 'झीज' लिहिलं. मग कागद बदलला आणि लिहिलं, 'तीन पदर तुटल्याचे सुरक्षा अधिकाऱ्यांनी अर्जाच्या आदल्या दिवशी पाहिले होते. आपल्याकडेही एखादा मृत्यू यावा असे त्यांना वाटत होते.' दाखल्यावरही इलाहीची सही लागते.

इलाहीने वाचलं.

"त्या दिवशी मी तिथंच होतो, साहेब. तुम्ही वर बघितलं आणि पुढं गेलासा. मी म्हटलं, साहेबांनी बघितलंय, म्हणजे ठीक असंल."

त्याने सही केली आणि गेला.

दोन तारखेला साहेब आले. त्यांनी दाखला वाचला आणि सांगितलं की स्वतः बोलावलेला मृत्यू परत पाठवला तर तो संख्येत धरता येत नाही, तसं परिपत्रक आहे. फोटोवाला घरी गेला. बेनाडेंच्या नावापुढे पुन्हा 'निरंक' आलं. मालकांनी त्यांना कामावरून काढलं नाही, पण त्यांच्याशी बोलणंही ठेवलं नाही.

दाखला घेऊन मृत्यू निघाला, तेव्हा इलाही आणि ओतकामाचे चौदा जण त्याला गेटपर्यंत सोडायला गेले. तिथे बराच वेळ बोलणं चाललं. दुसऱ्या दिवशी मालकांच्या टेबलावर कामगारांचा अर्ज होता: या मृत्यूस कायम ठेवावे. कारणही दिलं होतं. तो खरं सांगतो, असं त्यात लिहिलं होतं. जिल्हा कार्यालयाने कळवलं की असं ठेवू नये असा नियम नाही. मृत्यूलाही दुसरीकडचं काम अजून लागलेलं नव्हतं. तो राहिला.

तेव्हापासून सकाळी सातच्या फेरीला दोघं असतात. बेनाडे पुढे, मृत्यू एक पाऊल मागे. बेनाडे दोर बघतात, साखळी हाताळतात आणि "ठीक आहे" म्हणतात. कामगार मृत्यूकडे बघतात. त्याने मान हलवली की काम सुरू होतं. बेनाडेंना हे पहिले काही महिने फार लागलं. ते साडेसहाला यायला लागले, मग सहाला. मृत्यू आधीच आलेला असे आणि त्यांना नमस्कार करी. जेवणाच्या सुट्टीत इलाही त्याच्याच शेजारी बसे. मुलगी बारावी झाली त्याचा पेढाही आधी बाकावर गेला, मग कार्यालयात.

मार्चमध्ये एका सकाळी बेनाडे शिडीवरून क्रेनपाशी चढले होते. हुकाच्या वळणावर बोट फिरवताना त्यांना नख अडकेल एवढी चीर लागली. मृत्यू खालून वर बघत होता. त्याला अजून काही दिसलं नव्हतं. तो तसं चेहऱ्यावरून कळू देतो. बेनाडेंनी पुन्हा एकदा बोट फिरवून खात्री केली. मग ते खाली उतरले आणि त्याला चीर कुठे आहे ते सांगितलं.

मृत्यूने चढून बघितलं. उतरल्यावर तो म्हणाला, "आहे. माझ्या नजरेतून सुटलं असतं. त्यांना सांगू का, तुम्ही शोधलंत म्हणून?"

तिकडे इलाही हातमोजे चढवत होता. भट्टी पेटली होती.

"नको," बेनाडे म्हणाले. "त्यात वेळ जाईल. नुसतं बंद करा म्हणून सांगा. तुमचं लगेच ऐकतात."

मृत्यूने जाऊन सांगितलं. इलाहीने ताबडतोब पेटी खाली ठेवली आणि सगळे मागे सरले. बेनाडेंनी खिशातून पुस्तक काढलं आणि उभ्या उभ्या चिठ्ठी लिहिली.