गैरहजर सेनापती

रविवारी जेवून उठता उठता कारकूनसाहेबांनी एक निर्णय चक्क स्वतःच्या डोक्याने घेतला. (तसा तो शेवटचाच ठरला, पण ते त्यांना तेव्हा कुठे ठाऊक होतं?) पुन्हा लढायला जायचं!

लढायला म्हणजे चष्मेवाल्याच्या दुकानामागच्या खोलीत. महिन्यातल्या एका रविवारी तिथे चार प्रौढ माणसं टेबलाभोवती जमत आणि बोटभर उंचीच्या रंगवलेल्या शिपायांची लढाई खेळत. फासा टाकायचा, टेपने अंतर मोजायचं आणि एखादी पलटण गारद झाली की खरोखर हळहळायचं. मुलगी लहान असताना कारकूनसाहेबांचं जाणं सुटलं ते सुटलंच. पण पाणीखात्याच्या तक्रारखिडकीमागे दिवसभर बोलणी खाताना त्यांना एवढाच आधार असे, की जगात एक खोली अशी आहे जिथे आपल्याला 'सेनापती' म्हणतात.

घरात तो मान नव्हता. बाहेरच्या खोलीला पडदा कोणता लावायचा, हे विचारून विचारून बायको थकली होती. "हा बरा आहे, पण तोही काही वाईट नाही," यापुढे त्यांची गाडी सरकेल तर शपथ. खिडकीला वर्षभर जुनी चादर लटकत होती. अशात चष्मेवाल्याचा फोन आला, "सेनापती, या हो एकदा. तुमच्यावाचून सगळं अडलंय."

तुमच्यावाचून अडलंय! लग्नानंतर हे वाक्य त्यांना कुणी ऐकवलं नव्हतं. (लग्नाआधीही नव्हतंच.)

खोलीत शिरून पाहतात तो काय, त्यांची निळी फौज जवळजवळ सगळं टेबल व्यापून बसलेली! दंतवैद्यांचे लाल शिपाई एका कोपऱ्यात, गणिताच्या मास्तरांचे हिरवे दुसऱ्या कोपऱ्यात, आणि यजमान चष्मेवाल्याचं राज्य बशीएवढ्या टेकडीवर.

"हे सगळं कुणी जिंकलं?"

"तुम्ही," मास्तर कडवटपणे म्हणाले. "गैरहजर माणसाची फौज मोडायची नाही, असा नियम नाही का आपला? तुमच्या वतीने फासा टाकत होतो. सम आला की पुढे, विषम आला की मागे."

"म्हणजे मी नसताना..."

"तुम्ही नसताना एकदाही हरला नाहीत."

कारकूनसाहेबांची छाती फुगली. नुसत्या फाशाने एवढं केलं, मग आता तर खुद्द सेनापती हजर! बाह्या सरसावून ते टेबलाशी उभे राहिले. घोडदळ त्यांनी मागे राखून ठेवलं. वेळ आली की काढू, म्हणाले. वेळ आली. मग ती गेलीही. चहा येईपर्यंत निळ्या फौजेचा एक ढोलवाला तेवढा उरला होता.

दंतवैद्यांनी आनंदाने चष्मेवाल्याला मिठी मारली. तेव्हा कुठे कारकूनसाहेबांच्या डोक्यात प्रकाश पडला.

"तुम्ही मला हरवायला बोलावलंत?"

"राग मानू नका," मास्तर म्हणाले. "अहो, फाशाचा अंदाज लागत नाही. तुमचा लागतो."

कारकूनसाहेब निळे शिपाई पेटीत भरू लागले. एकच तर खोली होती, आणि तिथेही आपल्यापेक्षा हाडाचा एक ठोकळा बरा! दंतवैद्यांना जरा वाईट वाटलं असावं. त्यांनी फासा उचलून कारकूनसाहेबांच्या हातावर ठेवला. "घ्या, तुमचाच. इतकी वर्षं तुमच्या जागी होता."

घरी येऊन ते वर्तमानपत्राआड तोंड लपवून बसले. बायको पडद्याचे दोन तुकडे घेऊन आलीच. "पिवळा की हिरवा? शेवटचं विचारते."

त्यांना आता कशाचंच काही वाटत नव्हतं. पेपराआड त्यांनी मांडीवर हळूच फासा टाकला. सम.

"पिवळा."

बायको चमकली. तेवढ्यात मुलीने साधून घेतलं, "बाबा, नाटकात भाग घेऊ?"

सम. "घे."

"आणि माझ्या आईला महिनाभर राहायला बोलावू?" बायकोने दबकत विचारलं.

फासा पडला. कारकूनसाहेबांनी तो पाहिला, डोळे मिटले आणि म्हणाले, "बोलाव."

बायकोचे डोळे भरून आले. "अहो, आज किती वर्षांनी घरात कर्ता माणूस असल्यासारखं वाटलं."

तिने कौतुकाने त्यांच्या हातातला पेपर बाजूला केला. मांडीवरचा फासा टुणटुणत खाली गेला आणि तिच्या पायाशी थांबला. तिने त्याच्याकडे पाहिलं, मग नवऱ्याकडे. मुलीने तोंडावर हात दाबला. कारकूनसाहेबांनी खालमानेने सगळं कबूल केलं, अगदी ढोलवाल्यासकट. बायकोने फासा उचलून त्यांच्या हातात दिला. ती ओरडली असती तर त्यांना जरा बरं वाटलं असतं.

महिना सरला. खिडकीला पिवळा पडदा होता आणि पडद्याखाली सासूबाई. चष्मेवाल्याचा पुन्हा फोन आला, "नवी लढाई मांडतोय. तुम्ही हवेतच!" का हवेत, ते आता कळलं होतं, पण दुसरीकडून बोलावणं तरी कुठे होतं? बायको अडवील, अशी त्यांना वेडी आशा होती.

"जा की खुशाल," बायको म्हणाली. "उशीर झाला तरी चालेल."

शिपायांची पेटी काखेत मारून ते जड पावलांनी दाराशी पोचले.

"अहो, थांबा!"

त्यांच्या जिवात जीव आला. शेवटी बायको ती बायको! ते वळले, तर तिने हात पुढे केलेला होता.

"तेवढा फासा घरी ठेवून जा. स्वयंपाकघराला रंग कोणता द्यायचा, ते आज ठरवायचंय."