टोपण, बारीक

हँगरमधल्या सगळ्यात जाड्या मेकॅनिकला सगळे ‘बारीक’ म्हणत. त्या दिवशी बारीकचा जीव पाचच्या बसमध्ये अडकला होता. तीन आठवड्यांची लेक त्याने अजून फोटोतच पाहिली होती, आणि रजेवर सही व्हायची ती हातातलं लढाऊ विमान पूर्ण झाल्यावरच.

विमानात चढताना अंगावरची प्रत्येक वस्तू वहीत लिहायची आणि उतरताना मोजून दाखवायची, असा नियम. एखादी चुकार वस्तू आत राहिली आणि विमान हवेत उलटं झालं, की ती नेमकी नको तिथे जाऊन अडकते आणि वैमानिकाच्या जिवावर बेततं. बारीक तीन वाजता उतरला, तोवर सकाळचा कारकून घरी गेला होता. कालच रुजू झालेल्या नव्या कारकुनाने वही उघडली.

“पेन एक.”

“हे घ्या.”

“टॉर्च एक.”

“हा.”

“आणि ते बारीकसं टोपण कुठंय?”

“अहो, माझं पेन बटणाचं! त्याला टोपण येणार कुठून?”

“ते मला काय माहीत? वहीत आहे म्हणजे आहे.”

हँगरचे साहेब आले. त्यांनी वही हातभर लांब धरली, डोळे किलकिले केले आणि मान डोलावली. “लिहिलंय खरं. वैमानिकाची खुर्ची काढा.”

खुर्ची निघाली. मग तळाचे पत्रे निघाले. चौघं टॉर्च घेऊन आत पालथे पडले. साडेचार वाजले तसं बारीकला रडूच यायला लागलं.

“साहेब, हवं तर दुकानातून नवं टोपण आणून देतो!”

“सापडलं!” आतून आरोळी आली, आणि एक हात बाहेर आला तो चष्मा घेऊन.

चष्मा कुणाचा, हे कुणाला विचारावं लागलं नाही. साहेबांनी तो पुसून डोळ्यांवर चढवला आणि वहीत तोंड खुपसलं.

“अरे शहाण्या, हे टोपणनाव आहे! एकाच नावाचे दोघं आहेत, म्हणून सकाळच्याने लिहिलंय. टोपण, बारीक!”

नव्या कारकुनाने मेकॅनिकला आपादमस्तक न्याहाळलं. “हे? बारीक?”

साहेबांनी रजेवर सही ठोकली. मग वही ओढून स्वतःच्या हाताने लिहिलं: चष्मा एक, माझा.

“साहेब, चौकशी लागेल हो,” बारीक हळूच म्हणाला.

“लागायलाच हवी. पंधरा दिवस वैमानिक पोरं हा चष्मा घेऊन उडत होती.” साहेबांचा आवाज पडला. “चौकशीला तोंड देईन रे. पण पंधरा दिवस घरी बायकोला म्हणतोय, चष्मा तूच हरवलास म्हणून. तुझ्या बसमध्ये आणखी एक जागा मिळेल का?”