बेचाळिसावी पायरी

सावळदऱ्याची बारव आपला इतिहास रोज एक पायरी याप्रमाणे सांगते, आणि एकदा सांगितलेली पायरी पुन्हा सांगत नाही. वेळ सकाळी दहा ते अकरा.

कॉलेजच्या मुलामुलींनी गावच्या वारशाचं पुस्तक लिहायला घेतलं, तेव्हा बारव वैजयंताच्या वाट्याला आली. पायऱ्या एकूण बावन्न. एक्केचाळीस तिने वहीत उतरवल्या आणि डेंग्यूने चार दिवसांत गेली. तिच्या धाकट्या भावाने, भानुदासने, तिसऱ्या दिवशी अस्थींबरोबर ती वहीही नदीत सोडली. वही म्हणजे ताईचा जीव की प्राण, तिच्याबरोबरच जावी, एवढंच त्याच्या मनात आलं. दहाव्याला कावळा पिंडाला शिवेना. ऊन चढलं, माणसं ताटकळली, तेव्हा भानुदास बोलून गेला, "ताई, तुझं पुस्तक मी पुरं करतो." कावळा लगेच शिवला. भानुदासने सातवीतच शाळा सोडली होती.

पुस्तकाचं काम बघणारी तेजल म्हणाली, "शहाण्या, वही बुडवायच्या आधी एक फोन तरी करायचास." मग तिनेच त्याला पेन आणि कोरी वही दिली.

सकाळी दहाला भानुदास बारवेत उतरला. "बारवबाई, ताईच्या एक्केचाळीस पायऱ्या परत सांगा. मी हळू लिहितो, पण लिहितो."

"सांगितलेलं परत सांगता येत नाही," बारव म्हणाली. "बेचाळिसावीपासून घ्या. आधीची पानं कोरी सोडा."

"चूक माझी. तिची पानं का कोरी?"

"पद्धत आहे."

भानुदासने वहीची एक्केचाळीस पानं मोजून उलटली.

"बरं, मग ताईचं सांगा. इथं बसून काय बोलायची? मला रोज म्हणायची, चल. मी म्हणायचो, दगडाशी काय गप्पा मारायच्या."

"तेवढं तिने सांगितलं होतं," बारव म्हणाली. "बाकीचं आत्ता देता येत नाही. शंभर वर्षं झाल्याशिवाय आम्ही कुठलीच गोष्ट इतिहासात धरत नाही. अर्ज करून ठेवा."

भानुदासने वहीचं पान फाडलं आणि मोडक्या अक्षरांत अर्ज लिहिला. माहिती न्यायला कोण येणार, तिथं स्वतःचं नाव घातलं.

"शंभर वर्षांनी तुम्हीच येणार?"

"मीच. ताई बोलवायची तेव्हा आलो नाही, या खेपेला येतो."

बारवेने अर्ज ठेवून घेतला आणि बेचाळिसावी पायरी सांगायला सुरुवात केली, जरा सावकाश.