ढोमणेजींची रेघ

आमच्या ऑफिसातले ढोमणेजी पडद्यावरची रेघ बघून सांगतात, की अमुक घरात कोण उठलं, कोण रुसलं आणि कोण गेलं. गेलं म्हणजे बाजारात नाही, कायमचंच.

आमची कंपनी जबलपुरातली, लहानशी. एका वीज कंपनीच्या मीटरचे आकडे आमच्याकडे येतात. कोणत्या घरात कधी किती वीज लागली, त्याची संगणक रेघ काढतो. नाव नसतं, नुसता मीटर नंबर आणि वस्ती. आम्ही बाकीचे त्यातून तक्ते करतो आणि पगार घेतो. पंचेचाळिशीचे, सडेफटिंग ढोमणेजी त्यात माणसं बघतात.

"टेकडीकडच्या काकू आज उशिरा उठून राहिल्या," सकाळी चहा ओतून घेत ते म्हणणार. "गिझर आत्ता लागला."

"कोण काकू?"

"मला काय माहीत? मी काय भेटलो काय त्यांना?"

एखादा आकडा भलताच मोठा आला, की तो काढून टाकायचा, ही आमच्या धंद्यातली साधी रीत. ढोमणेजींना ती मुळीच खपत नाही. "काहून काढतो रे? पाहुणे आले असतील घरी. पाहुण्यांना हाकलतो काय?"

एकदा मी मूर्खासारखा त्यांना आमचा मीटर नंबर सांगून बसलो. दुसऱ्याच दिवशी ते जवळ येऊन हळू आवाजात म्हणाले, "अमित, काल दोन खोल्यांत दोन एसी चालले. वहिनीसोबत काही झालं काय?" झालं होतं. तेव्हापासून कितीही भांडलो तरी आम्ही नवराबायको एकाच खोलीत झोपतो. संसार टिकवण्याचं थोडं श्रेय त्यांना द्यायलाच हवं.

पण एका दुपारी ते जवळच्या पनागर गावातल्या एका रेघेवर अडकले. "पंखे सगळे चालू आहेत, अन् मिक्सर बंद. घर माणसांनी भरलं आहे, पण स्वयंपाक नाही करून राहिले. कोणीतरी गेलं इथं." ऑफिसात एक मुलगी पनागरची आहे. तिनं हसत हसत घरी फोन लावला आणि ठेवताना तिचं हसू गेलं होतं. तिच्याच गल्लीतले एक आजोबा पहाटे वारले होते. ती आता ढोमणेजींच्या टेबलाला वळसा घालून जाते.

मग वीज कंपनीनं रिकामी घरं शोधून मागितली. तिथली जोडणी कापायची होती. प्रोग्राम ढोमणेजींनीच लिहिला आणि तो त्यांच्यासारखाच चिकित्सक निघाला. गढा वस्तीतल्या एका घरापुढे त्यानं 'शंका' असा शेरा मारला. वीज रोज लागत होती, पण रोज तशीच्या तशी. सण नाही, आजारपण नाही, पाहुणा नाही. अशी घरं स्वतः जाऊन बघायचं काम माझ्याकडे होतं.

"ते सोड," ढोमणेजी म्हणाले. "म्हातारी राहते तिथं. शिस्तीची आहे."

हे बोलताना त्यांनी माझ्याकडे बघितलं नाही.

मी दुपारी गेलो. दाराला बाहेरून भलंमोठं कुलूप होतं आणि आत टीव्ही चालू होता. मालिकेतली कोणी बाई रडत होती. मी कडी वाजवली. ती रडतच राहिली. मग आत मिक्सर घरघरला, रिकाम्या भांड्याचा असतो तसा आवाज, आणि आपोआप थांबला. पाऊल वाजलं नाही.

शेजारीण अंगणात पापड वाळवत होती. "किसको ढूँढ रहे हो भैया? अम्मा को गए तो साल हो गया. बेटा इतवार को आता है, झाड़ू लगाके चला जाता है."

"तो ये टीवी?"

"वो तो रोज चलता है," ती म्हणाली आणि पापड अर्धे ओलेच उचलून आत गेली.

मी परत दाराकडे वळलो. दारावरच्या पाटीकडे लक्ष गेलं ते तेव्हा. ढोमणे.

ऑफिसात परतलो, तर मी विचारायच्या आधीच ते म्हणाले, "टायमरचे प्लग लावले आहेत."

"पण काहून?"

"मला तिथं झोपवत नाही रे. म्हणून इकडं खोली घेतली. पण घर बंद केलं अन् रेघ सपाट झाली. आठवडाभर तेच पाहत बसलो इथं. मग एक दिवस टीव्हीला प्लग लावला. दुपारी रेघ उठली. वाटलं, बसली असेल मालिका पाहत."

मला फार वाईट वाटलं. पण जोडणी कापली जाणार, हेही दिसत होतं.

"ढोमणेजी, कोणताही माणूस इतकं सारखं वागत नाही. प्रोग्रामला तीच शंका आहे. आई कधी गावाला नव्हत्या जात काय?"

"जायची ना. सिहोऱ्याला, मावशीकडे."

"मग पाठवा त्यांना दोन दिवस. प्लग बंद ठेवा. शंका मिटेल."

त्यांनी पडद्यावरच्या रेघेवर बोट ठेवलं.

"अन् ते दोन दिवस मी काय पाहू?"

मी त्या मीटरपुढचा शेरा खोडला, 'राहतं घर' असं लिहिलं आणि फाइल पाठवून दिली.